अडलेला गंधार

नाना भर मैफलीत गायचे थांबले त्या संध्याकाळी तबल्यावर मी होतो. मैफल ठरवलीही मीच होती. त्यामुळे त्यांच्याविषयी कुणी हसत हसत काही सांगू लागलं, की अजूनही मी तिथून उठतो. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत, आणि ते होतेच. पण त्या विक्षिप्तपणाच्या तळाशी एक भीती होती. ती जवळून पाहिलेली माणसं दोनच, एक त्यांची बायको आणि दुसरा मी.

अमळनेरच्या शाळेत ते संस्कृत शिकवत आणि मी भूगोल. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. सगळी शाळा त्यांना नाना म्हणे. उंच, किंचित वाकलेले, बाही विटलेला लांब कोट, काळी टोपी, आणि कानामागे पेन्सिलीचं बोटभर उरलेलं थोटूक. शिकवत ते जीव ओतून, पण त्यांचा एक कान नेहमी दुसरीकडेच लागलेला असे. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजली की नाना बोलता बोलता थांबत आणि नाद पुरता विरल्यावरच वाक्य पुढे नेत. उन्हाळ्यात घंटेचा सूर उतरतो असं त्यांनी एकदा हेडमास्तरांना लेखी कळवलं होतं. यावर मी काय करू, असं हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, तर नाना म्हणाले, करायचं काही नाही, नोंद असावी.

मास्तरांच्या खोलीत चहा आला की ते आधी कपाला नखानं टिचकी मारत. तडा गेलेला एक कप त्यांनी जन्मात तोंडाला लावला नाही. कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि त्याला कोणी सांगितलं?" उद्या इन्स्पेक्टरसाहेब येणार असं शिपायानं सांगितलं, तर त्यालाही हेच. बिचारा हेडक्लार्कापर्यंत जाऊन यायचा आणि तोवर तास संपायचा.

हा प्रश्न गाण्यातून आला होता. नाना गात, आणि फार चांगलं गात. तरुणपणी ते धुळ्याला होते, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या बुवांकडे नऊ वर्षं शिकले. मी अमळनेरला आलो तेव्हा पहाटे त्यांच्या घरावरून जाताना पावलं आपोआप हळू पडत. मला तबला बरा वाजवता येई, म्हणून ओळख झाली आणि मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. पण मी जायला लागलो तोवर गाणं कमी होत चाललं होतं आणि वह्या वाढत चालल्या होत्या.

नानांना एकाच स्वराचा शोध लागायला हवा होता, गंधाराचा. सा, रे, ग, त्यातला ग. हा ग नेमका कुठे असतो, एवढाच त्यांचा प्रश्न. मला आधी तो पोरकट वाटला. पण त्यांनी मला तानपुऱ्याजवळ बसवलं आणि खालची जाड तार एकटीच छेडली. "गप्प बसून ऐका," म्हणाले. बऱ्याच वेळानं त्या तारेच्या नादातून, कुणी न वाजवलेला, एक बारीक ग वर आला. मग त्यांनी पेटीवरचा ग वाजवला. तो थोडा चढा होता. एकदा ऐकल्यावर तो फरक ऐकू आला नाही असं होईना. त्या रात्री घरी मुलगी पेटीवर शाळेची कविता वाजवत होती आणि मला ते सहन होईना. हे काहीतरी चिकटणारं आहे, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

पुण्याहून, बडोद्याहून ते पत्रं घालून जुने ग्रंथ मिळवत. मिळाले नाहीत तर उतरवून आणत. तीन ग्रंथ लावले आणि तिन्हींतून तीन गंधार निघाले. मग त्यांनी सुताराकडून दोन हात लांबीची सागवानी पट्टी करून घेतली. तिच्यावर एक पोलादी तार, खाली तार उचलून धरणारी सरकती घोडी, आणि बाजूला चिकटवलेली कागदाची लांब चिरोटी. घोडी सरकवायची, सूर जुळला की कागदावर पेन्सिलीनं रेघ मारायची. निरनिराळ्या गवयांच्या गंधाराच्या रेघा त्या कागदावर मुंग्यांसारख्या गोळा झाल्या होत्या. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंतचं अंतर सुताराच्या मापानं जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच. या दोन सुतांत माझे नाना अडकून पडले होते.

हे कशामुळे सुरू झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, बोरी नदीच्या वाळूत फिरताना. धुळ्याचे बुवा आजारी पडले तेव्हा नाना भेटायला गेले आणि त्यांच्यापुढे बसून यमन गायले. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तुझा गंधार चढतो." किती चढतो असं विचारायचं नानांच्या मनात होतं. पण बुवांना खोकल्याची उबळ आली, घरच्यांनी त्यांना आत नेलं, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले.

"नऊ वर्षांत एकदाही बोलले नव्हते," नाना म्हणाले. "तेव्हा मग ते नऊ वर्षं खोटं शिकवत होते, की शेवटी त्यांचा कान गेला होता, की मीच पुढे बिघडलो? कुणाला विचारू?"

मी म्हणालो, इतके लोक तुमचं गाणं ऐकून डोलतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नदीकडे बघू लागलो.

आता ती मैफल. जळगावला एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता. चिटणीस माझे नातलग. मी नानांच्या मागे लागलो, दोन महिने लागलो. एकदा लोकांसमोर बसले की हे मोजमापाचं खूळ जाईल असं मला वाटत होतं. वहिनींनाही तसंच वाटलं. म्हणजे नानांच्या पत्नी. मी त्यांना वहिनी म्हणे. त्यांनी स्वतः कोटाला नवी बटणं लावून दिली.

संध्याकाळची वेळ, दीडशेक माणसं. पेटीला तिथलाच एक हौशी वादक होता. नानांनी यमन सुरू केला. षड्ज लागला तेव्हा सभागृहातली कुजबूज बंद झाली, आणि मी मनात म्हटलं, जिंकलं. मग ते गंधारावर आले. तानपुरा एक ग सांगत होता, पेटी दुसरा, आणि नानांचा गळा दोघांच्या मधे. त्यांनी स्वर लावला, सोडला. पुन्हा किंचित खालून लावला. पुन्हा सोडला. पेटीवाल्यानं मदत म्हणून पेटीवरची गंधाराची पट्टी दाबून धरली. नानांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. मी डग्ग्यावर तळवा ठेवून बसलो होतो.

शेवटी त्यांनी हात जोडले. "क्षमा करा. हा गंधार कुठला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

लोकांना वाटलं विनोद आहे. ते हसले. नाना उठले, तानपुऱ्याला नमस्कार केला आणि मागच्या दारानं निघून गेले. तेव्हा हसू थांबलं. परतीच्या गाडीत मी तोंड लपवून बसलो होतो. नाना मात्र शांत होते, एखाद्या कज्ज्याचा निकाल लागल्यासारखे. ते इतके शांत होते म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर पाच वर्षं नाना गायले नाहीत. घरातही नाही. पहाटे त्यांच्या खिडकीतून एका तारेचा टणत्कार येई, थांबे, पुन्हा येई. एके दिवशी मी गेलो तर वहिनी ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. नाना आत होते. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मला गाण्यातलं काही कळत नाही. पण लग्न होऊन आले तेव्हा या घरात गाणं होतं. आता नाही. एवढं कळतं." त्यांनी मध्यंतरी ती पट्टी ज्वारीच्या कोठीत लपवली होती. नानांनी आरडाओरडा केला नाही, शोधलीही नाही. दोन दिवस हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी वहिनींनीच ती पुसून त्यांच्यापुढे आणून ठेवली.

शाळेतही कुरबूर सुरू झाली होती. हेडमास्तर मला बाजूला घेऊन विचारत, तुमचे मित्र ठीक आहेत ना. मी ठीक आहेत म्हणे, आणि घरी जाऊन बायकोला सांगे की ते ठीक नाहीत. माझंही काही खरं नव्हतं. ठेका धरला की दोन मात्रांमधलं अंतर सारखं आहे का, याची शंका यायला लागली होती. मी तबला गवसणीत घालून माळ्यावर टाकला.

अशात नानांना कळलं की धरणगावला एका जुन्या भिक्षुकी घराण्यात संगीतावरची पोथी आहे. रविवारी आम्ही दोघं गाडीनं गेलो. यजमानांनी आदरानं लाल फडक्यातली पोथी सोडली. नानांनी चार पानं वाचली, पुन्हा पहिलं पान वाचलं आणि फडकं जसंच्या तसं बांधून दिलं. ती घोड्यांच्या रोगांवर होती. मला हसू आवरेना, पण नाना हसले नाहीत. स्टेशनाकडे येताना ते फार थकलेले दिसत होते.

वाटेत एक पिंजाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची पडवी. आत सत्तरीचा एक म्हातारा कापूस पिंजत होता. भुवया, दाढी, सगळं कापसानं पांढरं. पिंजणाच्या धनुष्याला ताणलेली तात घुमत होती आणि तिच्या घुमण्यावर तो गात होता. माहेरचा रस्ता विचारणाऱ्या मुलीचं गाणं होतं, अहिराणीतलं. नाना थांबले ते थांबलेच. मी गाडीची वेळ सांगितली, त्यांना ऐकूच गेलं नाही. गाणं संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तानपुऱ्यातून येतो तो," ते म्हणाले. "तोच. याला कोणी सांगितला?"

गाडी चुकली. पुढच्या रविवारी नाना पट्टी घेऊन गेले, मीही गेलो. पिंजाऱ्याला सगळे चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. गंमत वाटून तो कबूल झाला. नाना त्याच्या सुराशी तार मिळवत, त्याला गायला लावत आणि ग आला की हात वर करून म्हणत, इथंच थांबा. म्हातारा तोंड उघडं ठेवून तो स्वर धरून राही, नाना घोडी सरकवत, रेघ मारत. पुन्हा गा. पुन्हा थांबा. असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी नानांनी हर्षानं त्याला कागद दाखवला. चाचा, तुमचा गंधार अगदी जागेवर आहे, केसभर इकडेतिकडे नाही. आणि मग, शिक्षकाच्या सवयीनं, ते पुढे म्हणाले की वरचा धैवत, म्हणजे ध, मात्र किंचित उतरतो.

म्हाताऱ्यानं कागदावरच्या रेघांवर बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती. चुकतो का, असं त्यानं विचारलं. नाना म्हणाले चूक नव्हे, नुसता उतरतो. मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. मी बोललो नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

शाळेच्या परीक्षा आल्या आणि महिना-दीड महिना जाणं झालं नाही. पुन्हा गेलो तेव्हा पडवीतून नुसती तात ऐकू येत होती, तीही तुटक तुटक. चाचाच्या सुनेनं आम्हाला रस्त्यातच गाठलं. ती म्हणाली की अब्बा गात नाहीत. गाण्याच्या ओघात हात चालायचा, तो आता अडखळतो. कापसात गाठी राहतात, लोक गाद्या परत आणून टाकतात. जेवतात कमी. तुम्ही काय केलंत त्यांना, असं तिनं सरळ विचारलं.

आम्ही आत गेलो. म्हाताऱ्यानं आम्हाला बसायला पोतं टाकलं. तातीला अडकलेला कापूस त्यानं बोटानं काढला. मग तोच म्हणाला, "मास्तर, आते गानं येत नही. तोंड उघाडं का ती रेघ दिसस."

नानांनी ते ऐकलं, आणि त्यांचा हात बाजूच्या खांबाला गेला. मी त्यांना इतक्या वर्षांत खूप अस्वस्थ पाहिलं होतं, पण त्या दिवशी पाहिलं तसं कधीच नाही. आपलंच दुखणं दुसऱ्याच्या अंगावर उठलेलं त्यांना दिसत होतं. परत येताना ते गाडीत एकच बोलले, "माझं एकट्याचं होतं तोवर ठीक होतं हो."

त्यानंतर ते दर रविवारी धरणगावला जात, पट्टी न घेता. पहिल्या वेळी त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की मोजण्यात माझीच चूक झाली, तुमचा धैवत बरोबर आहे. चाचा म्हणाला, "मास्तर, तुम्ही खोटं बोली ऱ्हायनात." दुसऱ्या वेळी ते त्याच्यादेखत तो कागद फाडू लागले, तर त्यानंच हात धरला आणि म्हणाला की कागद फाडून डोक्यातलं जात नाही. तिसऱ्या वेळी ते नुसते बसून राहिले. त्यांच्याकडे न बघता म्हातारा गाठी वेचत होता, असं नानांनीच मला सांगितलं.

चौथ्या रविवारी मी बरोबर होतो. दुपारची वेळ, रस्त्यावर बाजाराची माणसं. नाना बराच वेळ बसले. मग म्हणाले, "चाचा, तात घुमवा." त्यानं नाही म्हणून मान हलवली. "गाऊ नका. नुसती घुमवा." म्हाताऱ्यानं पिंजण उचललं. घूं घूं असा तो जाड नाद पडवीत भरला. नानांनी घसा साफ केला, आणि माझ्या लक्षात आलं की ते गाणार आहेत.

मला पळून जावंसं वाटलं. जळगावचं सभागृह आठवलं, ते हसणारे लोक आठवले. समोर रस्ता होता, कुणीही थांबलं असतं. पण माझा हात शेजारच्या खोक्यावर गेला आणि मी ठेका धरला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

नाना चाचाचंच गाणं गाऊ लागले. पाच वर्षं न वापरलेला गळा. आवाज दोनदा फाटला. अहिराणी शब्द त्यांच्या तोंडात संस्कृतासारखे ताठ झाले. बाजारातून येणाऱ्या बायका थांबल्या, दोन माणसं टोपल्या खाली ठेवून बघू लागली. नानांचे डोळे मिटलेले होते. ते गंधारावर आले. तो चढा लागला. मलासुद्धा कळलं, म्हणजे त्यांना कळलं नसेल असं नव्हेच. या वेळी मात्र त्यांनी स्वर सोडला नाही. चढा तर चढा, तसाच धरून राहिले.

तात थांबली नाही. तिच्या वरून चाचा म्हणाला, "थोडं खाले, मास्तर."

नाना थोडे खाली आले.

"अजून थोडं." आणि कसं ते सांगता येईना म्हणून म्हाताऱ्यानं स्वतःच ती ओळ गाऊन दाखवली. नानांनी त्याच्यामागून म्हटली. पुन्हा अडलं, पुन्हा त्यानं गाऊन दाखवली. चौथ्या की पाचव्या खेपेला ओळीपुढची ओळ आपोआप आली, मग तिच्या पुढची, आणि म्हातारा गातच राहिला. दारात उभ्या असलेल्या सुनेनं तोंडाला पदर लावला. मी खोक्यावर ठेका धरून होतो आणि मात्रा सारख्या पडताहेत की नाही हे माझ्या ध्यानातही नव्हतं. गाणं संपल्यावर चाचानं नानांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आते बसनं." म्हणजे गाणं आता बसलं. मग तो कापसाकडे वळला.

गाडीत नाना खिडकीशी बसले होते. ते मुद्दाम चढे गायले का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. अमळनेरला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. ते लांब लांब पावलं टाकत घराकडे गेले आणि त्यांची छत्री माझ्याच हातात राहिली. घरी जाऊन हातपाय धुतले आणि छत्री द्यायला निघालो.

त्यांच्या अंगणात वहिनी उभ्या होत्या. हात पिठानं भरलेले, चूल आत तशीच सोडून आलेल्या. मी काही बोलणार तोच त्यांनी पिठाचं बोट ओठांवर ठेवलं. आतून तानपुरा ऐकू येत होता आणि नाना यमनाचा आलाप करत होते, बारीक आवाजात, अंधारात चाचपडत चालल्यासारखे.

"बोलू नका भाऊजी," वहिनी कुजबुजल्या. "पाऊलही वाजवू नका. थांबतील."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. सूर रिषभावरून हळूहळू वर निघाला तेव्हा वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि मी छत्रीची मूठ घट्ट धरली. गंधार आला. तो जागेवर होता की किंचित चढा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज आठवूनही सांगता येणार नाही. नाना त्याच्यावर क्षणभर रेंगाळले आणि पुढे मध्यमाकडे गेले.